रॅम्पवर मी गाडी थांबवली तेव्हा

विहारात तुमच्याबद्दल बोलायला एकेक जण उठत होता, आणि मी पहिल्या रांगेत गप बसून होते. तुम्ही फार शांत स्वभावाचे होता, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. मी तुमच्या फोटोकडे बघायचंच टाळलं, नाहीतर हसू फुटलं असतं. शांत म्हणे. आपल्या सेक्टर सहाच्या शेजाऱ्यांना विचारा म्हणावं. शेवटी माइक माझ्याकडे आला, तर मी मान हलवून परत केला. लोकांना वाटलं, बिचारीला शब्द फुटत नाही. शब्द भरपूर होते हो. पण मला तुमच्याशी भांडायचं होतं, आणि भरल्या विहारात नवऱ्याच्या फोटोशी भांडणारी बाई म्हणून नाव काढायची माझी इच्छा नव्हती. म्हणून आता, इतक्या दिवसांनी, घरी लिहायला बसले आहे.

सरळ मुद्द्यावर येते. नाहीतर तुम्ही म्हणाल, शीला, तुले रायपूरले जायाचं असलं तरी तू दुर्गवरून फिरून जाते.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले. फुफ्फुसं आता साथ देत नाहीत. गळ्यात नळी टाकून मशीनवर ठेवता येईल, पण त्यातून बाहेर येतीलच असं सांगता येत नाही. घरच्यांनी ठरवा, म्हणाले, आणि चांगुलपणाने म्हणाले. घरचे म्हणजे त्या घडीला मी एकटी. प्रज्ञा पुण्याहून निघालेली, विमानात होती. मी आत आले, तुमच्या उशाशी उभी राहिले. तोंडावर मास्क, डोळे अर्धे उघडे. मी विचारलं, अजी, मशीन लावू म्हणून राहिले, काय करू? आणि तुम्ही उजवा हात चादरीवरून थोडासा उचलला, तळवा खाली, आणि आडवा फिरवला. इकडून तिकडे. मी बाहेर जाऊन डॉक्टरांना म्हटलं, नळी नको.

दुपार सरायच्या आत तुम्ही गेलात. प्रज्ञा आली तेव्हा तुमच्या अंगावर चादर ओढलेली होती.

तिला मी हाताचं सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत बोलली. आपली पोरगी रागावली की हिंदीत जाते, तुम्हाला माहीत आहे. म्हणाली, "आई, वो इशारा नहीं था. उनका हाथ काँप रहा था, बस." त्यानंतर तिने माझ्याशी भांडण केलं नाही, तेच वाईट. आलेल्या-गेलेल्याला चहा दिला, फोन घेतले, माझी बीपीची गोळी वेळेवर हातात ठेवली. पण माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. आमच्या दोघींच्या मध्ये तुमचा तो हात आडवा येऊन बसला होता.

तिचंही काय चुकलं? तो हात वाचायला आपल्या घरात फक्त मीच शिकलेली होते. तुम्ही पोलादाच्या कारखान्यात, लोखंड वितळवतात त्या मेल्टिंग शॉपमध्ये क्रेन चालवायचे. वर केबिनमध्ये तुम्ही, खाली जमिनीवर बिसाहू, इशारे देणारा तुमचा खलासी, आणि मध्ये एवढा आवाज की एकमेकांच्या बापाला हाक मारली तरी ऐकू येऊ नये. सगळं काम हातावर. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. तळवा खाली करून हात आडवा फिरवला की थांब. लग्न होऊन भिलाईत आले तेव्हा कॅम्प-एकच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही मला हे शिकवलं होतं, बायकोशी दुसरं काय बोलावं ते सुचत नव्हतं म्हणून. मी भंडाऱ्याहून आलेली पोरगी, मला वाटलं नवरा मुका आहे की काय. पुढे तुम्ही घरातही तेच चालवलं. टीव्हीचा आवाज बोटाने वर-खाली करायला लावायचे. पाहुण्यांसमोर मी जास्त बोलायला लागले की गुडघ्याजवळ हात आडवा.

आणि तो तुमचा नियम. क्रेनवाल्याने एकाच माणसाचा इशारा मानायचा, जो त्या कामाला खाली उभा आहे त्याचा. दहा जण हात हलवत असले तरी बाकीच्यांकडे बघायचं नाही. पण 'थांब' मात्र कोणाचाही मानायचा. साहेब असो, झाडू मारणारा असो, पहिल्या दिवशी आलेला अप्रेंटिस असो. त्याने हात आडवा केला की आधी थांबायचं, मग विचारायचं काऊन म्हणून. हे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

म्हणूनच त्या नावेचं भांडण आपल्यात कधी मिटलं नाही.

रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, गावी जाऊन घर बांधतात, नाहीतर गार्डनच्या बाकावर बसून सरकारला शिव्या देतात. तुम्हाला नाव पाहिजे होती. "जिंदगीभर आगीवर बसलो वो, आता थोडं पान्यावर बसू दे," म्हणालात. हे ऐकून मला तुमची माया आली, हे मी तेव्हा बोलले नाही, आता सांगते. तेव्हा मी काय म्हटलं? तुमाले पोहता तरी येते का, म्हटलं. येत नव्हतं.

प्रज्ञाने फोनवर फायबरच्या तयार नावा दाखवल्या. दोन माणसं उचलून नेतात इतक्या हलक्या. तुम्ही चष्मा वर करून बघितलं आणि म्हणालात, हे तं आंघोळीची बादली आहे. भिलाईच्या माणसाचा पोलादाशिवाय कशावर भरवसाच नाही. मग सुपेल्याच्या त्या वेल्डिंगच्या दुकानात तुमची आणि तुमच्या दोन रिटायर दोस्तांची रोजची हजेरी सुरू झाली. डबा इथून माझाच. एकाला वाटलं तळ पातळ झाला, दुसऱ्याला वाटलं बाजू लचकेल, तुम्हाला वाटलं नाक आपटलं तर? ज्याला जशी भीती वाटली तसा पत्रा वाढत गेला. नाव तयार झाली तेव्हा दुकानाबाहेर काढायला चेनपुली लावावी लागली, आणि तुम्ही तिघं असे खुश, जसं काही जहाज बांधलं.

बालोदच्या रस्त्याने धरणावर नेली. तिथे मच्छीमारांचे लाकडी डोंगे, दोघांनी ओढले की वर. त्यांनी आपली नाव बघितली आणि एका म्हाताऱ्याने फार अदबीने विचारलं, बाबूजी, इहाँ पुल बनही का? इथे पूल बांधायचा आहे का म्हणून. मी तोंडाला पदर लावला. पण तरंगली हो. पाण्यात गेली, थोडी डगमगली आणि तरंगली. तुम्ही मागे वळून माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू गेलं.

पाण्यात घालणं सोपं होतं, ती आपली आपणच जायची. वर काढणं म्हणजे माझं मरण. कारण गाडी मी चालवायची. लोकांना अजून खरं वाटत नाही की सगळी हयात वितळलेल्या पोलादाची शेकडो टनांची बादली केसभर न हलवता नेणाऱ्या माणसाला साधी गाडी रिव्हर्स घेता येत नव्हती. तुम्ही म्हणायचे, मले वरून पाहाची सवय आहे, खाली बसलं का सगळं अंगावर येते. दोनदा फाटकाला ठोकली, तिसऱ्यांदा मी चाबी काढून घेतली. म्हणून आपली सात सीटची गाडी, जी मी माहेरच्या माणसांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायला घेतली होती, ती नाव ओढणारी झाली. मागे टोचनला हूक लावला, लोखंडी ट्रॉली जोडली.

धरणावरचा तो सिमेंटचा रॅम्प. वरचा भाग खडखडीत, आणि पाण्याजवळ हिरवी काई, निसरडं शेवाळ. मी गाडी उलटी घेत ट्रॉली पाण्यात घालायची, तुम्ही नाव तिच्यावर चढवून दोरी बांधायचे, आणि मग पहिल्या गिअरमध्ये वर. मागची चाकं काईवर आली की फिरायचीच. त्यावर तुम्ही उपाय काढला की मागच्या सीटवर माणसं बसवायची, वजन पडलं की चाक पकडते. आणि माणसं कोणती, तर माझी. दादा आणि वहिनी गोंदियाहून हौसेने धरण बघायला आले, तर तुम्ही त्यांना चहाच्या आधी मागच्या सीटवर बसवलं. पाहुण्यांना वजन म्हणून बसवणारा जावई आमच्या खानदानात दुसरा झाला नाही. वहिनी अजूनही विचारते, तुमच्याकडे आलं तर नुसतं बसता येईल ना?

ती दोघं मागे बसलेली होती, तोच तो भांडणाचा दिवस. भर ऊन. नाव ट्रॉलीवर, तुम्ही ट्रॉलीच्या मागे, पोटऱ्या पाण्यात, हातात लाकडी गुटका. ट्रॉली मागे सरकली तर चाकाखाली गुटका सारायचा, असं तुमचं काम. मी क्लच सोडला. गाडी थोडी वर गेली आणि चाकं फिरायला लागली. जागच्या जागी. क्लच जळायचा वास आला. आणि मग मला कळलं की गाडी पुढे जात नाही, ते सगळं पोलादाचं धूड आम्हा तिघांना घेऊन मागे चाललं आहे. हळूच. आरशात तुम्ही दिसत होता. एका हाताने गुटका सारत होता आणि दुसऱ्या हाताचं बोट वर करून गोल फिरवत होता. उचल. अजून उचल.

मी ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. गाडी गिअरमध्ये ठेवून बंद केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

तुम्ही ओरडलात. काय ओरडलात ते दादा-वहिनीसमोरचं असल्यामुळे मी विसरले आहे. मी काचेतून डोकं काढून एवढंच म्हटलं, "तुमी तिथून बाजूले हटा, मंग मी गाडी हलवतो." तुम्ही हटला नाहीत. मी हलवली नाही. मागच्या सीटवर वहिनी रडायला लागली. मच्छीमार बिड्या पेटवून तमाशा बघत बसले. शेवटी कोणीतरी ट्रॅक्टर आणला आणि तुमची नाव त्या ट्रॅक्टरने अशी वर ओढली, जसं काही पाचट. भिलाई आली तेव्हा म्हणालात, "अजून एक दम दिला असता तं निंगाली असती."

आणि मी म्हटलं, "अन् नसती निंगाली तं?"

ह्याचं उत्तर तुम्ही शेवटपर्यंत दिलं नाही. दर उन्हाळ्यात, दर दिवाळीत, भाजीत मीठ कमी पडलं तरी हे भांडण निघायचं. तुम्ही म्हणायचे, खाली मी उभा होतो, इशारा माझा मानायचा होता. मी म्हणायचे, थांब म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे, नियम तुमचाच. तुम्ही म्हणायचे, तो खालच्यांना, चालवणाऱ्याले नाई. मी म्हणायचे, चालवणारा माणूस नाही का? तुम्ही उठून अंगणात जायचे. एकदा, मागल्या हिवाळ्यात, तुमची खोकल्याची ढास नुकती थांबली होती, तुम्ही आपणहून विषय काढला. म्हणालात, "शीला, एक बार मी पन थांबलो होतो. कोनी सांगितलं नसताना. खाली..." आणि पुन्हा ढास लागली. मी पाणी आणलं, पाठ चोळली, आणि खाली काय होतं ते विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी विचारू म्हटलं. असे दुसरे दिवस मी किती घालवले, त्याचा मला आता संताप येतो.

तुमच्याबरोबर जाऊन जाऊन मग मी नावेत बसायला शिकले, हेही सांगायला पाहिजे. पोलादाची ती बया पाण्यावर एकदा स्थिर झाली की हलायची नाही. तुम्ही वल्ही मारायचे नाहीतच. किनाऱ्यापासून जरा आत जाऊन नुसते बसायचे, हात पाण्यात सोडून. मला म्हणायचे, हात लाव, थंड आहे. दरवेळी असं सांगायचे, जसं काही मला पाणी थंड असतं हे माहीत नाही. मी दरवेळी हात लावायची. तुमच्या अंगाला लग्नापासून जो एक जळकट वास होता, घामाचा, लोखंडाचा, तो ह्या काही वर्षांत गेला. ह्यासाठी मी त्या नावेचे उपकार मानते. ओढायला मरण होतं, तरी मानते.

पण मी काय म्हणत होते? हां. तुम्ही गेल्यापासून मला एकच गोष्ट खाऊन राहिली आहे. रॅम्पवर तुम्ही उचल म्हणत होता, आणि मी थांबले. दवाखान्यात तुम्ही थांब म्हणालात, आणि मी थांबले. म्हणजे दोन्ही वेळा थांबले मीच. मग दवाखान्यात मी तुमचा हात वाचला, की मी आहेच अशी, भीती वाटली की ब्रेक दाबणारी? तुमच्या हाताने काहीही केलं असतं तरी मला त्यात थांबच दिसलं असतं का? प्रज्ञा जे म्हणाली ते ऐकून मी चिडले, ते ती खोटं बोलते म्हणून नाही. ती खरं बोलत असेल ह्या धास्तीने चिडले.

बिसाहूला विचारायचं मनात आलं होतं. तो रोज सायकलवर येतो, दहा मिनिटं बसतो, चहा घेऊन जातो. तुमच्या हातांशी माझ्याहून जास्त वर्षं त्याचं काम पडलं. पण मी विचारलं नाही. मी विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, भौजीला बरं वाटावं म्हणून.

तेवढ्यात धरणावरून फोन आला. तुमच्या आजारपणात नाव पाण्यातच राहिली होती. आता कालव्याला पाणी सोडणार, पातळी खाली जाईल, नाव चिखलात रुतली की मग क्रेनच आणा, असं तिथला माणूस म्हणाला. नातेवाइकांपैकी एकाने सुचवलं, नेताच आहात तर अस्थी नावेतून सोडू. त्यांना मी सांगितलं की ह्यांनी जिवंतपणी कर्मकांडाला हात लावला नाही, मेल्यावर लावायला लावू नका. प्रज्ञा म्हणाली, ट्रॅक्टर बुलवा लेते हैं. मी म्हटलं, ट्रॅक्टर नको, आपली गाडी नेऊ. तिला वाटलं, आईला बाबांची आठवण येते. मला खरं तर बघायचं होतं की तुमच्या त्या 'अजून एक दम' मध्ये काही तथ्य होतं का.

परवाच्या रविवारी सकाळी गेलो. मी, प्रज्ञा, बिसाहू. मच्छीमारांनी तुमचं कळल्यापासून फार जीव लावला आहे. त्यांनी आधीच काई खरवडून ठेवली होती, वर पोती अंथरली होती. मागच्या सीटवर बसायला दोन जण आपणहून चढले, तो पूल बांधायचा का विचारणारा म्हातारा त्यात एक. नावेतलं पाणी उपसलं. बिसाहू म्हणाला, "भौजी, अब्बड़ गरू हे," फार जड आहे म्हणून, आणि हसता हसता डोळे पुसले. मी विचारलं, खाली कोण उभं राहणार? प्रज्ञा म्हणाली, मैं. मी तिला एकच अट घातली, ट्रॉलीच्या मागे नाही, बाजूला. गुटका बिसाहूने घेतला, तोही बाजूनेच सारायचा कबूल करून.

मी क्लच सोडला. चाकांनी पकडलं. गाडी चढायला लागली, आणि अजी, मी तुम्हाला सांगते, मी दम दिला. जेवढा होता तेवढा दिला. प्रज्ञा आरशात दिसत होती. एका हाताने तिने नावेच्या नाकाची दोरी धरलेली, दुसरा हात कमरेशी. बिसाहूची नजर चाकावर. उन्हाने पाणी चमकत होतं, धड काही दिसत नव्हतं. आणि तिचा तो कमरेजवळचा हात जरासा हलला. मी ब्रेक दाबला.

मागच्या सीटवरचा म्हातारा म्हणाला, का होगे? काय झालं? चांगली चालली होती की. बिसाहूनेही वर बघून विचारलं. त्याला काही कळलं नव्हतं. नावेच्या नाकाची गाठ सुटली होती आणि नाव ट्रॉलीवरून बिसाहूच्या बाजूला घसरत होती. अजून दोन हात गाडी वर गेली असती तर ती त्याच्या अंगावर आली असती. मच्छीमार धावले, नाव धरली, दोरी पुन्हा आवळली. प्रज्ञा माझ्या खिडकीशी आली. तिला धाप लागली होती.

"तुले दिसला?" तिने विचारलं.

"दिसला."

"मी नीट केलाच नव्हता. दुसऱ्या हातात दोरी होती. आवाज तं निंघूनच नाई राहिला होता."

ती तशीच उभी राहिली, तिच्या त्या हाताकडे बघत. मग म्हणाली, "बाबांचा किती हलला होता?"

मी खिडकीच्या काठावर हात ठेवला, तळवा खाली, आणि तुमचा हात जेवढा हलला होता तेवढा हलवून दाखवला. तिने माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि तो तिथेच दाबून धरला. किती तरी दिवसांनी तिने माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मंग तो इशाराच होता, आई," म्हणाली. मराठीत म्हणाली.

नंतर नाव निघाली. आपल्या गाडीने निघाली, ट्रॅक्टरशिवाय. तुमचं खरं ठरलं म्हणून उड्या मारू नका, काई खरवडलेली होती आणि पोती टाकलेली होती. माझं खरं ठरलं असंही मी म्हणत नाही. वर सपाटीला आल्यावर सगळे खाली उतरले. प्रज्ञा आणि बिसाहू नावेला हात लावून उभे होते, म्हातारा तिचा पत्रा वाजवून बघत होता. मी गाडी बंद करून स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि रडले. विहारात रडले नव्हते, घरी रडले नव्हते, तिथे रडले. कोणी जवळ आलं नाही, शहाणी माणसं.

पोरीने मला सोडवलं. रात्री तिने शेजारणीने दिलेल्या डब्यातलं उरलेलं सगळं पुरण एकटीने खाल्लं, माझ्याशी बोलत बोलत, आणि सोमवारी पुण्याला गेली. पण तिने तो हात बघितला नव्हता, मी दाखवला तेवढाच बघितला. तुमचा हात बघणारी जगात मी एकटी, आणि तो करणारे तुम्ही, आणि तुम्ही तर बसलात तिकडे जाऊन.

काल मी जेवायला बसले. पहिल्यांदाच एकटी. भात वाढून घेतला, आणि पळी हातात तशीच राहिली. तुम्ही ताटावर हात आडवा करायचे, पुरे म्हणून. आणि मी दरवेळी त्या हाताच्या बाजूने, बोटांच्या मधून, जमेल तसा एक पळी भात अजून घालायचीच. तुम्ही बडबडायचे, मग खायचे. इतक्या वर्षांत तुमचा हात आडवा झाला आणि मी थांबले, असं एकदाही झालं नाही. एकदाही नाही हो.

तुमचं ऐकलं ते मी त्या एकाच दिवशी. तेवढं तरी तुम्ही खरंच म्हटलं होतं ना?